आधीं पाण्याची वाट, मग माणसांची



शहरांतील एखादा वर्दळीचा रस्ता उकरून नव्यानें बांधावयास काढला म्हणजे त्या पेठेंतील प्रत्येक माणूस कांहीं महिने त्या रस्त्याचा परीक्षक होतो. दुकानदार धुळीबद्दल बोलतो, रिक्षावाला फेऱ्याबद्दल बोलतो, गृहिणी नळ बंद झाल्याबद्दल बोलते, आणि वर्तमानपत्र खर्चाच्या आंकड्याबद्दल लिहितें. पुढें एके दिवशीं काळेभोर डांबर किंवा पांढुरकें काँक्रीट पसरलें जातें, मधोमध पट्टे ओढले जातात, आणि रस्ता झाला असें सर्वांना वाटतें. मग मृगाचा पाऊस येतो. दोन पावसाळ्यांच्या आंत त्याच गुळगुळीत पृष्ठभागावर खड्डे दिसूं लागतात, कडेच्या दुकानांत पाणी शिरतें, आणि लोक डांबराला दोष देतात. डांबर कधीं कधीं वाईट असतेंहि. परंतु बहुतेक वेळां खरा दोष डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांत असतो. आजच्या भाषणांत त्या न दिसणाऱ्या भागाविषयींच मला कांहीं सांगावयाचें आहे. माझें म्हणणें एका वाक्यांत असें कीं, गांवांतील रस्ता बांधतांना प्रथम पाण्याची वाट ठरवावी, ती बांधून काढावी, आणि मगच माणसांच्या व वाहनांच्या वाटेला हात घालावा.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. वाशीम शहरच घ्या. प्राचीन काळीं वत्सगुल्म या नांवानें हें नगर वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतें. पुढें पद्मतीर्थासारखीं तीर्थें आणि अठराव्या शतकांत भवानी काळू यांनीं उभारलेलें बालाजीचें मंदिर यांच्या आसपास येथील जुनी वस्ती नांदली. अशा वस्तीच्या गल्ल्या पायीं चालणाऱ्यांच्या, घोड्यांच्या व बैलगाड्यांच्या मापानें पडलेल्या असतात. इंग्रजी अमदानींत बासीम हा स्वतंत्र जिल्हा होता. तो १९०५ सालीं मोडण्यांत आला आणि वाशीम हें अकोला जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव होऊन राहिलें. १ जुलै १९९८ रोजीं तें पुन्हां जिल्ह्याचें ठिकाण झालें. जिल्ह्याचें ठिकाण झालें म्हणजे कचेऱ्या येतात, न्यायालयें येतात, दवाखाने व महाविद्यालयें वाढतात; आणि रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतील माणूस कांहीं ना कांहीं कामासाठीं तेथें येऊं लागतो. अकोला नाका, पुसद नाका, हिंगोली नाका हीं नुसतीं नांवें ऐकलीं तरी चहूंकडच्या वाटा या एका गांवांत कशा येऊन मिळतात तें ध्यानांत येतें. अकोल्याहून हिंगोली-नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग याच जिल्ह्यांतून जातो. आणि ज्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला तो समृद्धि महामार्गहि या जिल्ह्यांतून गेला आहे. महामार्ग रुंद करतां येतात. परंतु त्यांवरून येणारीं वाहनें अखेर ज्या पेठांत शिरतात त्या पेठांतील घरें मागें सरकवितां येत नाहींत. म्हणून आपल्याकडील जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गांवीं मुख्य रस्ता नव्यानें बांधण्याचा प्रश्न आज ना उद्यां उभा राहतोच.

आतां या प्रदेशाची जमीन पाहा. वाशीम जिल्हा पाणलोटाच्या माथ्यावर वसलेला आहे. काटेपूर्णा नदी याच भागांत उगम पावून उत्तरेकडे पूर्णेला मिळते. पूर्णा तापीला मिळते आणि तें पाणी पश्चिम समुद्राला जातें. दक्षिणेकडील पाणी पैनगंगेंत उतरतें, तेथून वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेनें तें पूर्व समुद्राला जातें. एकाच जिल्ह्यांत शेजारींशेजारीं पडलेले पावसाचे दोन थेंब असे दोन निरनिराळ्या समुद्रांकडे चालूं लागतात. भूगोलाच्या तासाला मुलांना सांगण्यासारखी ही मौज आहे खरी. पण रस्ता बांधणाऱ्याला ती मौज नाहीं, तो प्रश्न आहे. माथ्यावरच्या गांवाजवळून मोठी नदी वाहत नसते. असतात ते लहान ओढे व नाले. वर्षाच्या पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि त्यांतलाहि पुष्कळसा थोड्या दिवसांत, सरींनीं कोसळतो. तेवढ्या घटकेंत गांवाचें सारें पाणी त्या लहान नाल्यांनीं वाहून न्यावयाचें असतें. तो नाला बुजला, त्यावर बांधकाम उभें राहिलें किंवा त्याचें तोंड कचऱ्यानें भरलें, तर पाण्याला एकच मोकळी जागा उरते. ती म्हणजे रस्ता.

दुसरी गोष्ट मातीची. काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झालेली आपली काळी कपाशीची माती पिकाला जितकी उदार तितकीच रस्त्याला कृपण. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. चैत्र-वैशाखांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या आपण सर्वांनीं पाहिल्या आहेत. त्याच भेगा रस्त्याखालींहि पडतात, फक्त त्या आपल्याला दिसत नाहींत. रस्त्याच्या मधल्या भागाखालची माती बहुतेक एकसारखी ओलसर राहते, पण कडेची माती पावसांत फुगते व उन्हांत आकसते. म्हणून आपल्याकडील रस्ते प्रथम कडेला खचतात व तेथें लांबट भेगा पडतात. मातीची ताकद मोजण्याची अभियंत्यांची एक कसोटी आहे, तिला सी. बी. आर. म्हणतात. उत्तम फोडलेल्या खडीची ताकद १०० मानली तर भिजलेल्या काळ्या मातीची ताकद बहुधा २ ते ४ एवढीच भरते. ही कसोटी घेण्यापूर्वीं मातीचा नमुना चार दिवस पाण्यांत बुडवून ठेवतात. यांतील शहाणपण लक्षांत घेण्यासारखें आहे. जमिनीच्या चांगल्या दिवसावर भरंवसा न ठेवतां तिचा वाईटांतला वाईट दिवस गृहीत धरून रस्त्याची जाडी ठरवावी, असा त्याचा अर्थ.

हें ज्ञान आजचें नव्हे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थानें रस्त्यांची जी पद्धत प्रचारांत आणली तिचा पायाच हा होता कीं, वाहनाचा सारा भार अखेर खालची मूळ जमीन वाहते. ती कोरडी राहिली तर भार सोशील, भिजली तर खचेल. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच ठेवावा, त्याला दोन्ही अंगांना उतार द्यावा, आणि वरची खडी इतकी घट्ट बसवावी कीं पाणी खालीं उतरूं नये. आपल्या देशांत बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं रस्त्यांची समिति नेमली गेली. तिच्या कार्यांतून पुढें १९३४ सालीं इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. १९४३ सालीं देशांतील मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि तेथें रस्त्यांची जी योजना आंखली गेली ती नागपूर योजना म्हणून ओळखली जाते. म्हणजे रस्त्यांच्या शास्त्राचा एक मोठा अध्याय आपल्या विदर्भांतच लिहिला गेला आहे. या संस्थेच्या नियमांप्रमाणें डांबरी रस्त्याला आडवा उतार शेंकडा दोन ते अडीच द्यावयाचा असतो. याचा अर्थ, साडेतीन मीटर रुंदीच्या एका पट्ट्यावर मध्यापासून कडेपर्यंत सुमारें ७ ते ९ सेंटिमीटरांचा फरक. एवढा फरक चालणाऱ्याला जाणवतहि नाहीं. पाण्याला मात्र तो तत्काळ समजतो.

आतां आपण थोडें गणित करूं. तें अंकगणिताच्या चौथ्या इयत्तेपलीकडचें नाहीं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतें. समजा, एक रस्ता ५०० मीटर लांब आहे आणि दोन्ही बाजूंच्या घरांमधील त्याची एकूण रुंदी २४ मीटर आहे. त्याचें क्षेत्रफळ १२,००० चौरस मीटर झालें. तासाला ५० मिलिमीटर या वेगानें पाऊस आला तर एका तासांत ६ लक्ष लिटर पाणी त्या रस्त्यावर पडतें. १०,००० लिटरांचा टँकर आपण उन्हाळ्यांत पाहतों. तसे साठ टँकर एका तासांत, म्हणजे मिनिटाला एक टँकर, त्या रस्त्यावर कोणीं तरी ओतून द्यावा तसें हें आहे. सेकंदाचा हिशेब केला तर सुमारें १६७ लिटर. नालींतून पाणी सेकंदाला एक मीटर या वेगानें वाहिलें तर एवढ्या पाण्याला अर्धा मीटर रुंद व एक तृतीयांश मीटर खोल अशी एकच नाली पुरते. हें पाहून कोणीहि म्हणेल कीं दोन्ही बाजूंना दोन लहान नाल्या काढल्या कीं काम झालें.

परंतु येथेंच फसगत होते. रस्त्यावर येणारें पाणी केवळ रस्त्यावर पडलेलें नसतें. मागच्या गल्ल्या, घरांचीं छपरें, फरसबंदी अंगणें, बाजाराचें पटांगण यांचा उतार ज्या रस्त्याकडे असेल त्या सर्वांचें पाणी त्याच रस्त्याला येऊन मिळतें. हें सर्व क्षेत्र समजा १० हेक्टर भरलें आणि त्यावरील पावसापैकीं शेंकडा ७० पाणी वाहून आलें, तर सेकंदाला सुमारें ९७० लिटर पाणी होतें. तें पूर्वींच्या आंकड्याच्या जवळजवळ सहापट आहे. आतां नाली एक मीटर रुंद व एक मीटर खोल हवी. पूर्वीं मातीच्या अंगणांत, परसांत, विहिरीच्या कांठीं बरेंच पाणी मुरत असे. आतां जेथें तेथें फरशी व काँक्रीट झाल्यानें तें मुरत नाहीं, वाहतें. म्हणजे पाऊस पूर्वींइतकाच पडला तरी नालीवरचा बोजा वाढलेला असतो. तात्पर्य, नालीचें माप रस्त्याच्या रुंदीवरून घ्यावयाचें नसतें, तें तिच्याकडे उतरणाऱ्या साऱ्या वस्तीवरून घ्यावयाचें असतें. हें एक सूत्र सोडलें तर पुढचा सर्व खर्च व्यर्थ जातो.

मोठ्या शहरांनाहि हा धडा महागांत शिकावा लागला. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेल्या होत्या. शहर वाढलें, मोकळी जमीन झांकली गेली, आणि १९९३ सालच्या एका मोठ्या अहवालांत ही क्षमता दुप्पट, म्हणजे ५० मिलिमीटर, करण्याची शिफारस झाली. तिची अंमलबजावणी रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हां काय झालें तें आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्या पावसाला कोणतीहि नाली पुरी पडली नसती, हें खरें. परंतु ज्या कामाला एकदां उशीर झाला त्याची किंमत पुढें पुष्कळ पटींनीं द्यावी लागते, हेंहि तितकेंच खरें.

माप बरोबर असूनहि नाली निकामी ठरण्याचीं आणखी कांहीं कारणें आहेत. पहिलें कारण उताराचें. पाण्याचा वेग सेकंदाला सुमारें ६० सेंटिमीटरांहून कमी झाला कीं गाळ खालीं बसूं लागतो. एक मीटर खोल नालींत अर्धा मीटर गाळ बसला तर ती अर्धें पाणी वाहून नेईल असें वाटतें. प्रत्यक्षांत ती निम्म्याहूनहि कमी नेते, कारण उरलेल्या पाण्याला कडांचें घर्षण अधिक होतें. दुसरें कारण पाणी आंत शिरण्याचें. एका गांवीं मी भर पावसांत रस्त्यावर घोटाभर पाणी आणि शेजारची नवी नाली जवळजवळ कोरडी, असा चमत्कार पाहिला आहे. नालीच्या भिंती रस्त्याहून उंच घेतल्या होत्या आणि पाणी आंत जाण्यासाठीं ठेवावयाच्या जाळ्या बसविण्याचें राहून गेलें होतें! तिसरें कारण दोन पाण्यांच्या मिसळीचें. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांचें सांडपाणी बारमहा वाहतें. पावसाचें पाणी चार महिने. दोन्ही एकाच उघड्या नालींतून नेलीं तर आठ महिने डांस आणि चार महिने घाण रस्त्यावर. सांडपाण्याची वाहिनी वेगळी, झांकलेली व खालच्या पातळीवर असावी, आणि दोहोंना ठराविक अंतरावर माणूस उतरून साफसफाई करण्याऐवजीं यंत्रानें गाळ काढतां येईल अशीं तोंडें असावीं. संरक्षक साधनांशिवाय गटारांत माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई केली आहे, हें बांधतांनाच ध्यानांत ठेवावें.

आणि चौथें कारण सर्वांत मोठें: पाणी शेवटीं जावयाचें कोठें? नाली चौकापर्यंत सुंदर बांधली आणि तेथें सोडून दिली, तर आपण फक्त आपल्या दारांतलें पाणी दुसऱ्याच्या दारांत नेऊन घातलें. नालीचा शेवट जेथें नाल्याला मिळतो तेथून मोजमाप सुरू करावें, आणि बांधकामहि तेथूनच वरच्या दिशेनें करीत यावें, हा जुना व बिनचूक नियम आहे. वाशिमासारख्या तीर्थांच्या गांवीं आणखी एक पथ्य आहे. पावसाचें स्वच्छ पाणी गाळ अडवून तळ्याकडे नेलें तर तें तळ्याचें पोषण होय. पण त्याच वाटेनें पेठेची घाण तळ्यांत गेली तर शेंकडों वर्षांचें तीर्थ दहा वर्षांत डबकें होतें. नाल्यावर झालेलें अतिक्रमण काढण्याचें अप्रिय काम रस्त्याच्या आधीं करावें लागतें. मागाहून तें कधींच होत नाहीं.

आतां रस्त्याच्या पातळीकडे वळूं. जुन्या डांबरावर नवें डांबर, त्यावर आणखी एक थर, असें करीत गेल्यानें रस्ता वर्षानुवर्षें उंच होत जातो. घराचें जोतें मात्र जेथल्या तेथें राहतें. ज्या घराला पूर्वीं रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून जावें लागे त्याच घरांत आतां एक पायरी उतरून जावें लागतें, असें जुन्या पेठांत ठिकठिकाणीं दिसतें. अशा घरांत पावसाचें पाणी शिरलें तर तो दैवाचा कोप नव्हे, तो पातळीचा हिशेब आहे. म्हणून जुना थर आधीं खरवडून काढावा आणि नव्या रस्त्याचा माथा दोन्ही बाजूंच्या जोत्यांखालीं राहील असें पाहावें. काँक्रीटचा रस्ता करतांना ही काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण त्याची जाडी अधिक, आणि एकदां झाला कीं तो खालीं आणतां येत नाहीं.

रस्त्याच्या पोटांत काय असावें, हें थोडक्यांत सांगतों. काळी माती शक्य तेवढी काढून तेथें चांगला मुरूम भरून दाबावा. जेथें ती काढणें परवडत नाहीं तेथें चुना मिसळून तिचा फुगण्याचा स्वभाव मंद करतां येतो. त्यावर पाणी झिरपूं देणारा जाड खडीचा थर, त्यावर बारीक-मोठ्या खडीचा घट्ट दाबलेला थर, आणि सर्वांवर डांबर किंवा काँक्रीट. झिरपता थर कडेच्या नालीपर्यंत नेऊन तेथें त्याला बाहेर पडण्यास भोंकें ठेवावीं लागतात. तीं नसलीं तर वरून शिरलेलें पाणी दोन भिंतींच्या मध्यें, परातींत सांचावें तसें, सांचून राहतें आणि वाहनांच्या प्रत्येक हिसक्यासरशी खडीपासून डांबर सुटत जातें. खड्डा वरून पडलेला दिसतो, पण तो खालून सुरू झालेला असतो. हीच हानि भर उन्हाळ्यांत गळक्या नळानेंहि होते.

यावरून नळ, तारा व वाहिन्या यांचा प्रश्न निघतो. रस्ता पुरा होतो आणि महिन्याभरांत कोणी तरी केबल टाकण्यासाठीं तो चिरतो, हें दृश्य आपल्या परिचयाचें आहे. भरलेला चर मूळच्या जमिनीइतका कधींच घट्ट बसत नाहीं. तेथून पाणी शिरतें. बंगळूरला २०१४ च्या सुमारास सेंट मार्क्स रोड, रेसिडेन्सी रोड इत्यादि रस्ते टेंडरशुअर नांवाच्या पद्धतीनें नव्यानें बांधण्यांत आले. तेथें पाणी, सांडपाणी, वीज व दूरध्वनि यांच्या वाहिन्या पदपथाखालीं आपापल्या ठराविक जागीं घातल्या, म्हणजे दुरुस्तीसाठीं पदपथाच्या फरशा उचलाव्या, रस्त्याला हात लावूं नये. काम महाग पडलें आणि त्यावर टीकाहि झाली. पण विचार योग्य होता. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचें उदाहरण आपल्याला अधिक जवळचें. १९७६ सालीं रेकाँडो या कंपनीनें दहा वर्षांची हमी देऊन तो बांधला, आणि हमी संपून गेल्यावरहि कित्येक वर्षें खड्डे नसलेला रस्ता म्हणून त्याचें नांव घेतलें जात होतें. ज्याला दहा वर्षें जबाबदार राहावयाचें आहे तो कंत्राटदार वरच्या चकाकीपेक्षां खालच्या थरांकडे अधिक लक्ष देतो, ही त्यांतली गोम आहे.

आतां वाहतुकीचा विचार. रस्ता रुंद केला कीं वाहतूक सुरळीत होते, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. बाटली केवढीहि असो, पाणी पडतें तें तिच्या गळ्याच्या मापानें. रस्ता चौपदरी केला आणि चौकाजवळ भाजीच्या हातगाड्या, उभ्या मोटारी व प्रवाशांची वाट पाहणाऱ्या रिक्षा यांनीं दोन पदर अडवले, तर तो रस्ता दोनपदरीच समजावा. वाहनांची मोजणी करतांना अभियंते मोटारीला एक धरतात आणि इतर वाहनांना त्या प्रमाणांत आंकडे देतात. बाहेरगांवच्या रस्त्यांसाठीं इंडियन रोड्स काँग्रेसनें दिलेल्या कोष्टकांत सायकल अर्धी, मालमोटार तीन, आणि मोठी बैलगाडी तब्बल आठ मोटारींएवढी धरलेली आहे. बैलगाडी आकारानें आठपट नसते. पण तिच्या संथपणामुळें मागच्यांची जी खोळंबा होतो तो तेवढा असतो. ज्या बाजारपेठेंत सोयाबीन व तूर भरलेल्या गाड्या, ट्रॅक्टर, एस. टी. च्या बसगाड्या, दुचाक्या आणि पायीं चालणारे एकाच पट्टीवर येतात तेथें भांडण रुंदीचें नसतें, वेगांच्या फरकाचें असतें. म्हणून संथ व जलद यांना शक्य तेथें वेगळ्या जागा द्याव्या. मालाच्या गाड्यांना बाजार समितीकडे जाण्यास गांवाबाहेरची वाट द्यावी. बस थांबण्याची जागा चौकापासून पुढें, कडेला आंत घेतलेली असावी.

चौकाचें गणितहि ऐकण्यासारखें आहे. चार रस्ते सरळ एकमेकांना छेदतात तेथें वाहनांच्या वाटा एकमेकींना भिडण्याचीं ३२ ठिकाणें निघतात. त्याच चौकांत योग्य आकाराचें वर्तुळ केलें आणि सर्वांनीं त्याला एकाच दिशेनें वळसा घातला तर तीं ८ वर येतात. अर्थात् वर्तुळांत आधीं शिरलेल्याला वाट देण्याची शिस्त नसेल तर वर्तुळ नुसतें शोभेचें राहतें.

या सर्वांत पायीं चालणाऱ्याचें स्थान कोठें? गांवांतील निम्मीं कामें आजहि पायीं होतात. शाळेला जाणारीं मुलें, मंदिरांत जाणारे वृद्ध, बाजाराला आलेल्या खेड्यांतील स्त्रिया यांना वाहनाचा विमा नसतो. जुना खड्ड्यांचा रस्ता वाहनांना आपोआप संथ ठेवीत असे. नवा गुळगुळीत रस्ता झाला कीं वेग वाढतो आणि ओलांडणाऱ्याच्या जिवाला धोका वाढतो. म्हणून निदान १.८ मीटर मोकळी रुंदी असलेला, रस्त्याहून सुमारें १५ सेंटिमीटर उंच व सलग पदपथ ही चैन नाहीं, रस्त्याचाच भाग आहे. पदपथाखालीं झांकलेली नाली घेतली तर एकाच जागेंत पाणी खालून जातें व माणूस वरून जातो. पुण्यांत जंगली महाराज रस्त्यावर २०१६ नंतर रुंद पदपथ करण्यांत आले ते याच विचारानें. हातगाडीवाल्यांनाहि शत्रु मानून चालणार नाहीं. त्यांना ठरलेली जागा दिली तरच पदपथ मोकळा राहतो. नुसतें हुसकावलें तर ते संध्याकाळपर्यंत परत येतात, कारण त्यांचें गिऱ्हाईक तेथेंच असतें आणि तें गिऱ्हाईक म्हणजे आपणच.

कामाचा हंगामहि महत्त्वाचा. दिवाळीनंतर नालीचें काम सुरू करावें, माघ-फाल्गुनांत पोटांतले थर घ्यावे आणि रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं पृष्ठभाग पुरा करावा. ओल्या खडीवर डांबर धरत नाहीं, म्हणून पावसाच्या तोंडावर घाई करणें म्हणजे पैसा पाण्यांत टाकणें. काँक्रीटला निदान दोन आठवडे ओलें ठेवावें लागतें आणि त्याची ताकद २८ दिवसांनीं मोजतात; व्यापाऱ्यांनीं आग्रह धरला म्हणून आठव्या दिवशीं त्यावर मालमोटारी सोडल्या तर पुढच्या वर्षीं तेच व्यापारी तक्रार करतील. अर्धा रस्ता चालू ठेवून अर्धा बांधावा, आणि एका वेळीं लहान तुकडाच उकरावा, म्हणजे दुकानदाराचा धंदा बसत नाहीं. सहा महिने दुकानापुढें चर राहिला तर लहान दुकानदाराचें जें नुकसान होतें तें कोणत्याहि अंदाजपत्रकांत लिहिलेलें नसतें.

शेवटीं, आपण नागरिकांनीं काय करावें? रस्त्याचें उद्घाटन होतें तेव्हां प्रश्न विचारून उपयोग नसतो. नकाशा तयार होतो तेव्हां ते विचारावयाचे असतात. नगरपरिषदेंत जाऊन नकाशा पाहण्यास मागावा, आणि पांचच गोष्टी विचाराव्या. नालीचें पाणी शेवटीं कोणत्या नाल्याला मिळणार आणि तो नाला मोकळा आहे काय? नालीचें माप कोणत्या क्षेत्राच्या पाण्यावरून धरलें? नव्या रस्त्याचा माथा माझ्या घराच्या जोत्याहून किती खालीं राहील? नळ, सांडपाणी व तारा यांचीं कामें रस्त्याआधीं होणार काय? आणि कंत्राटदाराची जबाबदारी किती वर्षांची? हे प्रश्न विचारण्यास अभियंत्याची पदवी लागत नाहीं. यांची उत्तरें नकाशावर मिळालीं तर रस्ता टिकण्याचा संभव पुष्कळ आहे. मिळालीं नाहींत तर तेव्हांच अर्ज द्यावा, कारण तेव्हां पुसावयाची असते ती पेन्सिलीची रेघ, पुढें फोडावें लागतें तें काँक्रीट.

आणि एक गोष्ट आपल्याकडचीहि आहे. नालीवर ओटा बांधणारा, जाळींत केर लोटणारा आणि दारापुढचा उतार आपल्या सोयीनें बदलणारा हा कोणी परका नसतो. नगरपरिषदेनें मृगापूर्वीं नाल्या साफ कराव्या हें तिचें कर्तव्य. त्या पुढच्या वर्षापर्यंत साफ ठेवाव्या हें आपलें. पाणी कोणाचें ओळखीचें नसतें. तें उतार पाहतें आणि चालूं लागतें. त्याला आपण आधींच चांगली वाट करून दिली तर तें मुकाट्यानें आपल्या नदीला जाऊन मिळेल, आणि वरच्या रस्त्यानें आपलीं मुलें कोरड्या पायांनीं शाळेला जातील.